पर्यवेक्षकाची वेळ कुणाच्या मालकीची?

आपल्या देशात कामाच्या वेळेविषयीची चर्चा नेहमी बेरजेची असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या तोंडी ९० तासांचा आकडा आला. दोन्ही वेळी दूरचित्रवाणीवर भरपूर वाद झाले, विनोद झाले, आणि विषय संपला. या वादांत ज्याचा उल्लेखही झाला नाही असा एक माणूस प्रत्येक कारखान्यात उभा असतो. ‘उभा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण त्याला बसायला बहुधा खुर्ची नसते. तो म्हणजे पर्यवेक्षक, सर्वांच्या बोलीतला सुपरवायझर. इतरांच्या तासांचे काय होणार हे दर मिनिटाला ठरवणारा हाच माणूस. अलीकडे त्याच्यासाठी वेळेच्या व्यवस्थापनाचे वर्ग भरवण्याची पद्धत पडली आहे. या वर्गांविषयी, आणि त्यांत जे शिकवले जात नाही त्याविषयी, मला आज लिहायचे आहे. उदाहरण मी बंगळुरूच्या यशवंतपूरचे घेतो.

‘यशवंतपूर’ हे नाव ऐकून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर साताऱ्याकडचे एखादे गाव येईल. हे यशवंतपूर बंगळुरूच्या वायव्य भागात आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन, बाजार समितीचे विस्तीर्ण आवार, जवळच मैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना, आणि तुमकुरु रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्याची औद्योगिक वसाहत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा जुना कारखाना याच बाजूला होता. त्या जमिनीवर आता उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. काही किलोमीटरवर जलहळ्ळीत १९६१ पासून एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवली. दोन पिढ्यांच्या मनगटांवर वेळ पोहोचवणारी ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आज या पट्ट्यात वेळ मोजण्याचे काम प्रामुख्याने तयार कपड्यांच्या कारखान्यांत चालते, आणि तिथे ती सेकंदांनी मोजली जाते.

तयार कपड्यांच्या शिलाई विभागात प्रत्येक क्रियेला ठरावीक मिनिटे नेमून दिलेली असतात. कॉलर जोडणे, बाही लावणे, काज करणे या सर्वांची बेरज केली की एका साध्या शर्टाला साधारण वीस मिनिटे पडतात. समजा एका रांगेत साठ यंत्रे आहेत. या रांगेचा पर्यवेक्षक सकाळी येतो तेव्हा त्याच्या हाती पहिली गोष्ट येते ती गैरहजेरी. आज बाही लावणारी आली नाही. तिच्या जागी कुणाला बसवायचे, आणि जिला बसवले तिची मूळ जागा कोण भरणार, हे पहिल्या काही मिनिटांत ठरले नाही, तर मागे कापडाच्या गठ्ठ्यांचा ढीग साचतो आणि पुढची यंत्रे रिकामी राहतात. मग बटणे आलेली नसतात. मग खरेदीदाराकडून लेबल बदलल्याचा निरोप येतो. मग एक सुई तुटते. निर्यातीच्या मालात तुटक्या सुईचा कण राहून चालत नाही, म्हणून तिचा प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत तिथले काम थांबवून शोधाशोध करावी लागते आणि तुकडे नोंदवहीत चिकटवावे लागतात. दर तासाला फळ्यावर आकडा लिहायचा असतो, आणि तो कमी भरला तर विभागप्रमुखाला कारण द्यायचे असते. या सर्वांत संपूर्ण रांग फक्त दहा मिनिटे थांबली, तर साठ माणसांची सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास, गेले. पूर्ण कार्यक्षमता गृहीत धरली तर ते तीस शर्ट होतात.

अशा माणसाला वर्गात बसवून ‘तातडीचे’ आणि ‘महत्त्वाचे’ यांचे चार चौकोन काढून दाखवले जातात, सकाळी कामांची यादी करायला सांगितले जाते, ‘नाही’ म्हणायला शिका असा उपदेश केला जातो. हा उपदेश ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आणि मदतनीस आहे त्याच्यासाठी तयार झालेला आहे. रांगेवरच्या पर्यवेक्षकाने ‘नाही’ म्हणायचे तरी कुणाला? तुटलेल्या सुईला की निर्यात व्यवस्थापकाला? डिसेंबर २०२१ मध्ये तुमकुरु रस्त्यावरचा पीण्याचा उड्डाणपूल तारांमधील बिघाडामुळे बंद करावा लागला आणि जड वाहनांना तो पुढे दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिला. त्या काळात गोरगुंटेपाळ्याच्या चौकात अडकलेल्या कापडाच्या ट्रकचा वेळ कुठल्या पर्यवेक्षकाच्या चौकोनात बसवायचा होता?

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी असते असा नाही, आणि तसे म्हणणे पुराव्याला धरूनही होणार नाही. बंगळुरूविषयी तर फार चांगला पुरावा आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्याशधाम या अर्थतज्ज्ञांनी शाही एक्स्पोर्ट्स या मोठ्या निर्यातदार कंपनीच्या बंगळुरूतील पाच कारखान्यांत ‘पेस’ नावाच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. गॅप या अमेरिकी कंपनीने आखलेल्या या कार्यक्रमात शिलाई करणाऱ्या स्त्रियांना सुमारे ८० तास संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे, पैशांचा हिशेब अशा गोष्टी शिकवल्या जात. कुणाला प्रशिक्षण द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. प्रशिक्षित स्त्रियांची उत्पादकता सुमारे साडेतेरा टक्क्यांनी अधिक निघाली. कंपनीचा खर्च कित्येक पटींनी वसूल झाला. आणि त्या स्त्रियांची मजुरी? ती वाढली सुमारे अर्धा टक्का.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत आणि थोडा वेळ पाहावेत. वेळेचे नियोजन शिकल्यामुळे निर्माण झालेले मूल्य जवळजवळ सारे कंपनीच्या खात्यात गेले. यात कुणी कट केला असे मी म्हणत नाही. हे कौशल्य बाहेरून दिसत नाही. रांगेत बसलेली बाई वेळ नीट वापरते याचे प्रमाणपत्र शेजारच्या कारखान्याला दाखवता येत नाही, म्हणून बाजार तिला त्याची किंमत देत नाही. पर्यवेक्षकांच्या बाबतीत हेच चित्र दिसते. याच अभ्यासकांच्या गटाने रांगप्रमुखांचे गुण आणि रांगांचे रोजचे उत्पादन यांची दोन वर्षांची माहिती तपासली. ज्या पर्यवेक्षकाचे लक्ष रांगेवर बारकाईने असते आणि जो अडचण आली की वरच्याची वाट न पाहता स्वतः पाऊल उचलतो, त्याची रांग नवे काम लवकर आत्मसात करते, असे त्यांना आढळले. पण या गुणांचा मोबदला त्याच्या पगारात त्या प्रमाणात उतरत नाही. दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की हवेतील सूक्ष्म धूलिकण वाढले की कामगारांचा वेग घटतो, आणि लक्ष देणारे पर्यवेक्षक कुणावर अधिक परिणाम झाला हे ओळखून माणसांच्या जागा बदलतात व नुकसान बरेचसे भरून काढतात. पर्यवेक्षकाच्या वेळेचे व्यवस्थापन म्हणतात ते हे. त्याची दहा मिनिटे कुणाकडे पाहण्यात गेली, यावर साठ जणांचा दिवस ठरतो.

मग पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणासाठी माणसे कशी निवडली जातात? याचाही अभ्यास झालेला आहे, आणि त्याचा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मधल्या फळीतील व्यवस्थापकांना विचारले गेले की तुमच्या हाताखालच्या कोणत्या पर्यवेक्षकांना शिकवल्याने सर्वाधिक फायदा होईल. त्यांनी नावे दिली. प्रत्यक्षात प्रशिक्षण सर्वांमधून नशिबाच्या निवडीने दिले गेले, तेव्हा दिसले की आवर्जून शिफारस केलेल्यांच्या रांगांची उत्पादकता फारशी वाढली नाही. ज्यांची नावे मागे राहिली होती त्यांच्या रांगा मात्र लक्षणीय सुधारल्या. वरिष्ठांनी शिफारस करताना उत्पादनापेक्षा कोण नोकरी सोडून जाऊ नये याचा विचार अधिक केला होता. पर्यवेक्षक सोडून गेला तर नवा शोधण्याचा ताप वरिष्ठालाच होतो, हे ध्यानात घेतले तर त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण कंपनीच्या पैशाने चालणाऱ्या प्रशिक्षणाला तो लावला की शिकण्याची ज्यांना खरी गरज आहे तेच बाहेर राहतात. सरकारी कौशल्य योजनांतही निवड वरिष्ठांच्या शिफारशीवर सोडली, तर वेगळे काही घडण्याचे कारण मला दिसत नाही.

महाराष्ट्राजवळचा पुरावाही पाहावा. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव परिसरातील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना सल्लागारांकरवी साध्याच गोष्टी शिकवल्या गेल्या: यंत्रे का थांबतात याची रोज नोंद ठेवा, दोष कुठल्या मागावर निघतात ते लिहा, सकाळी दहा मिनिटे एकत्र उभे राहून ही नोंद वाचा, सुतासाठी साठ्याची यादी करा. पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. या कंपन्यांत निर्णय मालकाच्या कुटुंबातील पुरुषांखेरीज कुणाच्या हाती नव्हते; किती कारखाने काढायचे हे किती भाऊ-मुलगे आहेत यावर ठरत होते. नोंदी विश्वासार्ह झाल्यावर मालकांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांना थोडे अधिक अधिकार दिले. सुमारे आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या. कारणे दोन प्रामुख्याने सांगितली गेली. एक, व्यवस्थापक बदलले. दुसरे, संचालकांना वेळ मिळत नव्हता! ज्यांनी वेळेची शिस्त वरून राखायची त्यांच्याकडेच ती नव्हती. तरीही त्या कारखान्यांची स्थिती न शिकवलेल्यांपेक्षा चांगलीच राहिली होती, हे नमूद करायला हवे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने मुकादमांसाठी एक राष्ट्रीय प्रशिक्षण राबवले होते. पुढे जपानने ते मनापासून उचलले. त्याचे मुख्य भाग तीनच होते: नव्या माणसाला काम कसे शिकवावे, कामाची पद्धत कशी सुधारावी, आणि माणसांशी कसे वागावे. रोजनिशी कशी लिहावी हा त्यात भाग नव्हता. वेळ वाचवायचा तर तो कामाच्या रचनेतच वाचतो, हे त्या काळच्या लोकांना पुरते कळले होते. आपल्याकडे आज जे वर्ग चालतात त्यांत रचनेचा प्रश्न बाजूला पडतो आणि सारा भार एका व्यक्तीच्या सवयींवर टाकला जातो, असे मला वाटते. उत्पादन कमी आले की दोष त्याच्या नियोजनाचा ठरतो. मग तो तोच दोष रांगेकडे ढकलतो, आणि बाया पाणी कमी पितात, कारण स्वच्छतागृहात जाण्यासाठीही यंत्र सोडावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांना हा माणूस ‘जॉबर’ म्हणून माहीत होता. तो कामगार भरती करी, काढून टाकी, बदली कामगारांना काम वाटून देई, वेळप्रसंगी कर्जही देई. त्याच्या अधिकाराचा दुरुपयोग इतका बोकाळला की १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने भरती आणि बडतर्फी त्याच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. ती योग्यच होती. पण जॉबर गेल्यानंतर त्याच्या जागी आलेल्या पर्यवेक्षकाकडे जॉबरची बदनामी उरली आणि अधिकार मात्र उरले नाहीत.

कामगारांच्या वेळेला मर्यादा घालण्याचा इतिहास मराठी वाचकांना वेगळा सांगायला नको. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजारांवर गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार वेळेवर मिळणे या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रम सदस्य असतानाच्या काळात कारखान्यांतील आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला. हा सारा वारसा कामगाराच्या वेळेचा आहे. पर्यवेक्षक त्यातून निसटला, तो अपघाताने नव्हे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६४ नुसार राज्य सरकारला पर्यवेक्षण आणि व्यवस्थापनाची पदे नियमांद्वारे ठरवता येत असत, आणि त्या पदांवरील माणसांना कामाच्या तासांचे प्रकरण लागू होत नसे. वेतन ठरावीक रकमेपेक्षा कमी असेल तर जादा कामाचे पैसे मिळण्याचा हक्क तेवढा राहत असे. दिवसाच्या लांबीला मर्यादा मात्र नसे. औद्योगिक विवाद कायद्यात दरमहा दहा हजारांपेक्षा अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ गणला जात नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ही मर्यादा १८ हजारांवर नेली, पण तत्त्व तेच ठेवले. दरमहा १८ हजारांहून अधिक मिळवणारा पर्यवेक्षक संहितेच्या लेखी कामगार नाही. आठ तासांचा दिवस आणि दुप्पट दराने जादा वेतन ही तरतूद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. साठ माणसांच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ज्याला द्यावा लागतो, त्याच्या स्वतःच्या तासांचा हिशेब ठेवण्याचे बंधन कायद्याने कुणावरही घातलेले नाही. ज्याचा वेळ मालकाला फुकट मिळतो त्याचा वेळ वाचवण्याची मालकाला निकड वाटणार नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता याला बारा तासांच्या दिवसाची जोड द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवत दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली, तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५ वर नेली आणि स्त्रियांच्या रात्रपाळीचा मार्ग मोकळा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत आणि तिमाहीतील जादा काम ११५ तासांवरून १४४ पर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. समर्थक म्हणतात की चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी अशी सोय होईल. कामगाराच्या बाबतीत ती कदाचित होईलही, कारण त्याचे तास कुठे तरी नोंदले जातात. पर्यवेक्षकाला पाळी सुरू होण्याआधी यावे लागते आणि पुढच्या पाळीच्या हाती काम देऊन मगच निघावे लागते. त्याचा बारा तासांचा दिवस साडेतेरा तासांचा होतो, आणि तो आठवड्यातून चारच वेळा येईल याची हमी कुणीही दिलेली नाही. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने आठवड्याला ६० तासांपेक्षा अधिक काम आरोग्याला घातक ठरू शकते, याकडे लक्ष वेधले होते. एकीकडे अर्थ मंत्रालय हे छापते, दुसरीकडे राज्ये गुंतवणूक खेचण्यासाठी दिवस लांबवण्याची चढाओढ करतात.

उद्योजकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. निर्यातीच्या हंगामात काम दाटून येते, बांगलादेश आणि व्हिएतनामशी स्पर्धा असते, आणि परदेशी खरेदीदार मुदत देताना इथल्या कायद्याचे पुस्तक उघडून बसत नाही. पण लवचीकता हवी असेल तर ती सांभाळणारा माणूस थकलेला असून चालणार नाही. बाराव्या तासाला साठ यंत्रांवर तो किती बारकाईने लक्ष ठेवील? बंगळुरूच्या आकड्यांनी ज्याला उत्पादकतेचा गाभा म्हटले ते लक्षच सर्वप्रथम संपते. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या नियमातील बदलाविरुद्ध बंगळुरूतील हजारो कपडा कामगार स्त्रिया रस्त्यावर आल्या. हे लोण पीण्या आणि तुमकुरु रस्त्यापर्यंत पसरले आणि केंद्र सरकारला बदल मागे घ्यावा लागला. त्या उद्रेकाची चाहूल सरकारला लागली नव्हती. कारखान्यातील असंतोष सर्वांत आधी कळतो तो रांगेवरच्या पर्यवेक्षकाला, पण तो वर कळवण्याइतका वेळ, आणि कळवल्यावर ऐकले जाईल एवढा दर्जा, त्याला आपण दिलेला नाही.

करायचे काय, तर पहिली गोष्ट कायद्याची. १८ हजारांची रक्कम अधिसूचनेने बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे, तो वापरावा. त्याहून बरे म्हणजे कामाच्या तासांच्या तरतुदीपुरता वेतनाचा निकषच काढून टाकावा. भरती-बडतर्फीचे अधिकार नसलेला माणूस पगाराच्या पावतीवरील पदनामामुळे व्यवस्थापक ठरू नये. राज्यांनी आपल्या नियमांत पर्यवेक्षकाची येण्या-जाण्याची वेळ हजेरीपत्रकात नोंदवणे सक्तीचे करावे. यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. मुंबई आणि बंगळुरू या दोन्ही राजधान्यांना हे एका शासन निर्णयाने करता येईल.

दुसरी गोष्ट कारखान्यांच्या हातची आहे, आणि ती तारापूरमध्ये आधीच करून पाहिलेली आहे. रांग का थांबली याची रोज नोंद व्हावी, आणि ती नोंद पर्यवेक्षकाविरुद्ध पुरावा म्हणून नव्हे तर खरेदी, साठा आणि देखभाल विभागांकडे जाब मागण्यासाठी वापरली जावी. बटणे उशिरा आली तर तो वेळ खरेदी विभागाच्या नावावर पडावा. रांग थांबवण्याचा आणि ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्तीचा खर्च करण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला असावा. हे झाल्यानंतर हवे तर वेळेच्या व्यवस्थापनाचा वर्गही भरवावा, शिफारशीऐवजी चिठ्ठ्या टाकून माणसे निवडावीत, आणि तो वर्ग पाळीच्या वेळेतच घ्यावा. अनेक ठिकाणी तो पाळी संपल्यावर, भरपगारी नसलेल्या वेळेत, होतो.